वनमंत्र्यांना खुले पत्र : सोलापूरच्या माळाला वीस वर्षे द्या

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

आषाढ लागला की आमच्याही जिल्ह्यात खड्डे घेतले जातात, रोपे लागतात. राज्याचे उद्दिष्ट २०१६ साली २ कोटी रोपांचे होते, २०१९ साली ते ३३ कोटींवर गेले. लावणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण या हिशोबात रोपांची संख्या आहे, जंगलाचे वय कुठेच नाही. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात सगळे वयावरच ठरते.

उष्ण कटिबंधातली सगळी जंगले एकाच क्रमाने वाढत नाहीत. भरपूर पावसाच्या प्रदेशात मोकळ्या जागी आधी भराभर वाढणारी, मऊ लाकडाची झाडे येतात आणि त्यांच्या सावलीत सावकाश वाढणारी, जड लाकडाची झाडे मागून येतात. कोरड्या प्रदेशात क्रम उलटा असतो. नेदरलँड्समधल्या वॅगनिंगन विद्यापीठाचे लॉरेन्स पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या वाढत्या जंगलांच्या नोंदींवरून हे दाखवले. उघड्या, तापलेल्या जमिनीवर आधी टिकतात ती घट्ट लाकडाची, कमी पाण्यावर तग धरणारी झाडे. सावली आणि ओल वाढली की मग मऊ लाकडाच्या झाडांना जागा मिळते.

आमच्या माळावर या क्रमाची सुरुवात कुणालाही पाहता येईल. काही वर्षे चराई कमी झाली की आधी तरवड, बोराटी, हिवर, बाभूळ दिसू लागतात. त्या काटेरी जाळीवर बुलबुल आणि साळुंक्या बसतात, त्यांच्याबरोबर निंबोळ्या येतात. बोरांच्या बिया खोकड आणि कोल्हे पसरवतात. जाळीच्या आत उगवलेल्या निंबाच्या रोपापर्यंत शेळीचे तोंड पोचत नाही. वैशाखातले ऊनही तिथे थोडे सौम्य असते, पाचोळा साठतो, मुरमावर मातीचा पातळ थर धरू लागतो. हेच तर बालवयातले जंगल आहे, साहेब! आणि नेमके याच टप्प्यावर कागदावर त्याची नोंद ‘झुडपी’ म्हणून होते, जेसीबी येतो, सगळे साफ होते आणि त्या जागी ओळीत गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) हे भराभर वाढणारे झाड लागते. वाढ पटकन दिसते, फोटो चांगला येतो. पण वर्षानुवर्षे जमलेला क्रम पुन्हा पहिल्या पायरीवर जातो.

आणखी एक नुकसान वरून दिसत नाही. कोरड्या जंगलात नवी वाढ बियांइतकीच जुन्या बुंध्यांच्या आणि मुळांच्या फुटव्यांतून होते. तोडलेला पळस पुन्हा फुटतो, तो जमिनीखालच्या मुळांच्या जोरावर. माळभर यंत्राने सलग चर खोदले की ती मुळेच तुटतात. पाणी अडवण्याच्या कामाला माझा विरोध नाही. चर कुठून न्यायचा, हे आधी माळ पायी फिरून ठरवावे, एवढेच म्हणणे आहे.

वेळ किती लागतो? पूर्टर यांच्याच गटाने २०२१ मध्ये अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या ७७ ठिकाणांचा अभ्यास मांडला. आपोआप वाढू दिलेल्या जंगलात माती दहा वर्षांच्या आत सावरते. जंगलाची ठेवण आणि जातींची विविधता यांना पंचवीस ते साठ वर्षे लागतात. जुन्या जंगलाइतका लाकूडसाठा आणि तशाच जातींचा मेळ जमायला मात्र एकशेवीसहून अधिक वर्षे हवीत. तरीही या सगळ्या बाबी मिळून पाहिल्या, तर वीस वर्षांत अशी जंगले जुन्या जंगलाच्या सरासरी ७८ टक्क्यांपर्यंत पोचतात. अभ्यासातली ती जमीन फार झिजलेली नव्हती. आमचे माळ पिढ्यान्‌पिढ्या चरले गेलेत, इथे वेळ जास्तच लागेल. पण रोपवनाचा हिशोब दोन-तीन वर्षांत जिवंत रोपांच्या टक्केवारीवर मिटवणे किती अपुरे आहे, हे यावरून कळते.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशाच्या ग्वानाकास्ते भागात १९८० च्या दशकापासून कोरडे जंगल मुख्यतः वणवे थांबवून परत आणले गेले. आपल्याकडे तामिळनाडूतल्या मुदुमलईत ५० हेक्टरच्या कोरड्या जंगलात १९८८ पासून झाडांची नोंद ठेवली जाते. असा धीर सोलापूरच्या वाट्याला का येऊ नये?

नान्नजचे माळ मात्र यातून वगळा. १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झालेली ती गवताळ जमीन म्हणजे वाढ खुंटलेले जंगल नव्हे. माळढोक, काळवीट, लांडगा यांना मोकळे गवतच हवे. तिथे झाडे लावणे म्हणजे त्यांना हुसकावणे.

माझी विनंती अशी. जिथे जाळी धरू लागली आहे, अशा वनजमिनी तालुकावार निवडून त्यांना वीस वर्षांची चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी द्या. पण मेंढपाळांना विश्वासात घेतल्याशिवाय नको. त्यांना गवत कापून नेऊ द्या आणि चराईला दुसरी जागा आधी दाखवा, नाहीतर बंदी कागदावरच राहील. रोपांचा काही निधी वनमजुरांच्या पगाराकडे आणि वणवा अडवण्यासाठी उन्हाळ्याआधी काढायच्या जाळरेषांकडे वळवा. प्रत्येक जागी एक हेक्टर कायमचा आखून दर पाच वर्षांनी झाडांच्या जाती, घेर आणि फुटवे मोजायला लावा. हे काम सोलापूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडे देता येईल. पहिली मोजणी या हिवाळ्यात, पाने झडण्यापूर्वी व्हावी, असा शासन निर्णय आपण काढावा.

आपला विश्वासू,
सोलापूर जिल्ह्यातील एक नागरिक