पुरात तरी पोलिसांचा वायरलेस ऐकू द्या

महोदय,

ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिंब भिजलेले एक हवालदार उभे होते. कुठला रस्ता पाण्याखाली गेला, बोट कुठे निघाली, हे त्यांच्या खरखरणाऱ्या वॉकी-टॉकीवर कळायचे आणि आम्ही पंधरा-वीस जण कान लावून उभे. मोबाईलवर नुसत्या अफवा!

पोलिसांचे सगळेच बोलणे खुले करा, असे मी म्हणणार नाही. छाप्याची खबर चोराला आधी लागेल, पीडितेचा पत्ता चारचौघांत जाईल. पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी गाठली, की रस्ते आणि बचावकार्याचे संदेश तरी वेगळ्या वाहिनीवर सर्वांना ऐकू द्यावेत. पावसाळ्याआधी याचा निर्णय व्हावा.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर