वाचनालयामागची फुलपाखरांची बाग : मृगाआधी हातही हवेत, हातभारही हवा

सर्व सभासद, वर्गणीदार, अभ्यासिकेची माजी मुलं-मुली आणि गावाबाहेर दिलेल्या लेकीबाळींना सप्रेम नमस्कार.

अखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. मृग तोंडावर आला आणि वाचनालयामागची जागा अजून तशीच पडीक आहे, म्हणून हे पत्र घाईत लिहीत आहे.

आपलं वाचनालय कुणा एकाच्या देणगीवर उभं राहिलेलं नाही, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. गिरणा नदीची वाळू बैलगाड्यांनी आली, ती गाडीवाल्यांनी फुकट टाकली. पुढचा ओटा जिभाऊंनी कापसाच्या पहिल्या वेच्याच्या पैशांतून बांधून दिला आणि त्यावर नाव कोरू दिलं नाही. पिठाच्या गिरणीवाल्या काकूंनी अभ्यासिकेचे पंखे दिले, आजही तेच फिरतात. मराठी शाळेचे गुरुजी गेल्यावर बाईंनी त्यांची सगळी पुस्तकं इथे पोचवली, प्रत्येकाला खाकी कव्हर घालून. आणि एका अखाजीला माहेरी आलेल्या लेकींनी झोक्याखाली बसून आपसांत पैसे जमवले, त्यातून महिला विभागाची दोन कपाटं आली. त्या अभ्यासिकेत बसलेली मुलं आज तलाठी आहेत, पोलिसात आहेत, बँकेत आहेत. या सगळ्यांचं ऋण वाचनालय विसरलेलं नाही.

म्हणूनच मागच्या वृक्षारोपणाचं वाईट वाटतं. फोटोच्या दिवशी ओटा माणसांनी भरला होता. पुढच्या उन्हाळ्यात पाणी घालायला शिपाईकाका आणि अभ्यासिकेतली दोन पोरं, बस. उरलेलं शेळ्यांनी खाल्लं. कुणाला बोल लावायचा नाही, पण मनाला लागलं ते लागलं.

आता बागेबद्दल. ती फुलपाखरांची आहे, तशीच मधमाश्या-भुंग्यांचीही. आपल्या भागात केळी पुष्कळ आणि केळीला माशीची गरज नाही, परागीभवनावाचून घड भरतो. त्यामुळे माश्या कमी झाल्या तरी पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. पण कांद्याचं बी धरणाऱ्याला विचारा. गिलकी, काकडी, भोपळा लावणाऱ्याला विचारा. नराचं फूल वेगळं, मादीचं वेगळं. माशी फिरली नाही तर कोवळं फळ पिवळं पडून गळतं. आणि आपलं भरिताचं वांगं! त्याच्या फुलातला पराग पिवळ्या नळ्यांत बंद असतो, टोकाला बारीक छिद्र. मोठा काळा भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, घुंऽऽ असा आवाज येतो आणि पराग त्या छिद्रातून बाहेर उडतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. सकाळी वांग्याच्या शेतात उभं राहून ऐका, भुंगा असेल तर कानावर येईलच.

हा भुंगा वाळक्या लाकडात घर करतो, बऱ्याच एकट्या राहणाऱ्या माश्या उघड्या जमिनीत बीळ करतात. आपण बांध साफ केले, अंगणात फरशी घातली, दिसेल त्या पानावर औषध मारलं. त्यांनी राहायचं कुठे?

आराखडा आपल्याच अभ्यासिकेत शिकून कृषी पदवीधर झालेल्या मुलीने काढला आहे, सूचना फलकावर लावला आहे, जरूर पाहा. पश्चिमेच्या झळा अडवायला निरगुडी आणि अडुळशाचं कुंपण, मागे बहावा, शेवगा आणि कडुनिंब, मधे कागदी लिंबू, कढीपत्ता आणि रुई, पुढे तुळस, सब्जा, तेरडा, एकेरी झेंडू. एकेक जातीचा मोठा ताटवा. एक रोप इथे, एक तिथे असं नाही. डोळ्यांनाही तेच शोभतं आणि माशीलाही वणवण पडत नाही. हिवाळ्यात बडीशेप आणि कोथिंबीर मुद्दाम फुलावर जाऊ द्यायची. गच्च पाकळ्यांचा हायब्रीड झेंडू कृपया आणू नका, तो दिसतो भरघोस पण माशीच्या पदरात फार काही पडत नाही. लॉन नाही. रात्रीचे फोकस नाहीत, पतंग त्यावर आपटून मरतात. एक कोपरा उघड्या मातीचा, बांबूच्या नळ्यांची एक मोळी, आणि पाण्याची परळ, आत खडे टाकून, म्हणजे माशी बुडणार नाही.

एक विनंती आधीच करतो. या बागेतली पानं खाल्लेली दिसतील. दारातल्या कढीपत्त्यावर आत्ताच बघा, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी बारकी अळी आहे. मोठी झाली की हिरवीगार होते आणि बोट लावलं की डोक्यामागून केशरी शिंगं काढते. तिचंच फुलपाखरू होतं. "अळी पडली, फवारा मारा" असं म्हणायला कुणी येऊ नये. डंखाची भीती वाटणाऱ्या पालकांनी निश्चिंत असावं, आपण मधमाश्यांच्या पेट्या ठेवणार नाही आणि एकट्या राहणाऱ्या माश्या सहसा कुणाच्या वाटेला जात नाहीत.

खर्च 92,000 रुपये धरला आहे : तारेचं कुंपण (शेळ्यांचा अनुभव आहेच), ठिबक, पाण्याची टाकी, पोयटा-शेणखत, रोपं. शिल्लक 27,000, कमी 65,000. रोख वा धनादेश वाचनालयाच्या नावे, रोज सायंकाळी 5 ते 8, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. खाते क्रमांक फलकावर आहे. 31 मे पर्यंत रक्कम आली तरच ठिबक पावसाआधी बसेल. पैसे नसतील तर शेणखताची ट्रॉली, बांबू, बांधावरची रुई, घरचं तुळशीचं बी चालेल. फवारलेलं रोप मात्र नको, रोपवाटिकेत विचारून घ्या. खड्डे दर रविवारी सकाळी 6 ला, उन्हाआधी. कुदळ-घमेलं आपलं आणावं, चहा वाचनालयाचा. पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची पाळी कोण घेणार, त्याची वही टेबलावर ठेवली आहे. देणगी द्या न द्या, त्या वहीत नाव लिहूनच जा.

आपला,
चिटणीस, कार्यकारी मंडळाकरिता