सुमे, एकच चौकोन आणि आपलं जुनं भांडण

प्रिय सुमे,

उत्तराला इतका उशीर झाला की माफी मागायचीही लाज वाटते. पाठ दुखते, बाकी ठीक. पण हे तुझ्याशिवाय कुणापुढे ओकू? गिळायला त्रास असलेल्या पेशंटांच्या आमच्या नव्या फॉर्मवर चौकोन आलाय: 'आहाराच्या पोतावरील निर्बंध'. आत एकच आकडा लिहायचा! हसू नकोस. आकडा हवाच, हा तुझा हट्ट होता.

इडसीची, म्हणजे खाण्यापिण्याच्या पोताच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची, आहारपट्टी तुला पाठ आहेच, गुण 0 ते 8. पेयाच्या पातळ्या 0 (पाण्यासारखं पातळ) ते 4 (अगदी दाट), जेवणाच्या 3 (पातळ लगदा) ते 7 (नेहमीचं जेवण). पेयापासून जेवणापर्यंत जितक्या पातळ्यांना परवानगी, तितके गुण. पेय 0 आणि जेवण 7 असेल तर 8. तोंडाने काहीच नसेल तर 0. आता गंमत बघ. कुणाला जेवण 5, पेय 1 दिलं: गुण 5. पुढे चावणं सुधारलं म्हणून जेवण 6 केलं, पण द्रव श्वासनलिकेत निसटतो म्हणून पेय 2 केलं: गुण पुन्हा 5. अहवालात 'बदल नाही'. बरं, जेवण 7 पेय 3 याचेही 5 आणि जेवण 4 पेय 0 याचेही 5. पहिल्याला पाण्याची भीती, दुसऱ्याला घासाची! म्हणून मी गुणाशेजारी जेवण/पेय अशी जोडी लिहिते, '6/2'. चौकोनाबाहेर जाते, जाऊ दे.

'मग फॉइस वापर' म्हणशील. 2005ची ती 7 पायऱ्यांची पट्टी नळीने किती आणि तोंडाने किती खातो याचा हिशेब छान ठेवते, पण पेय किती दाट हे तिला दिसतच नाही.

आणि 'पेय 2' तरी खरं 2 आहे का? चमचे मोजून दाट करायची पावडर घातली की झालं, असं अजून चालतं. खरं तर सिरिंजमधून किती वाहतं ते पाहायला हवं. सिरिंज 10 मिलीची हवी आणि तिच्या 0 ते 10 खुणांमधलं अंतर 61.5 मिमी हवं. प्रत्येक कंपनीची तशी नसते. दट्ट्या काढायचा, टोकाला बोट लावून 10 मिली भरायचं, बोट सोडून 10 सेकंद, पुन्हा बोट. उरलेलं 1 मिलीहून कमी तर पेयाची पातळी 0, 4 मिलीपर्यंत 1, 8 मिलीपर्यंत 2, त्याहून जास्त उरलं तर 3. काहीच वाहिलं नाही तर 4, आणि तिथे सिरिंज सोडून काटा-चमचा घ्यायचा. एखादी गुठळी टोकात अडकली की पातळ पेयही 3 दाखवतं. स्टार्चची पावडर पेल्यात दाट होत राहते, आणि लाळ मिसळली की उलट पातळ होते. झॅन्थन गमची पावडर बरीच स्थिर. म्हणून ढवळल्यावर लगेच नाही, पिण्याच्या वेळी आणि त्याच तापमानाला तपासायचं.

जेवणात 5 म्हणजे मोठ्यांसाठी 4 मिमीचे कण, काट्याच्या दातांमधल्या फटीएवढे, आणि बाजूला सुटं पाणी नको. 6 म्हणजे 1.5 सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे. अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत काटा दाबला की चेपले पाहिजेत, आणि परत फुगता कामा नयेत. (तुझं नख पांढरं व्हायला काटा लागत नाही, माझ्याशी वाद पुरतो.) लहान मुलांना हीच मापं 2 आणि 8 मिमी.

एवढं नीट करूनही खटकतं ते वेगळंच. हा आकडा गिळण्याचा नाही, परवानगीचा आहे. थेरपिस्ट घाबरट असली की गुण घसरतात, पेशंट तोच असतो. कागदावर पेय 2, आणि रात्री तो साधं पाणी पितो! गिळणं एक्स-रेवर पाहून ठरवलं की पलंगाजवळ अंदाजाने, हेही त्या चौकोनात नाही. मी तारीख, आधार आणि प्रत्यक्ष काय खाल्लं-प्यायलं हे तिन्ही खाली लिहिते. जागा पुरत नाही.

तुझी बदली झाली का? आईंचे गुडघे कसे? लेकीच्या परीक्षेचं काय? सगळं एका ओळीत कळव, पण '7/3' आणि '4/0' दोन्हींना तू 5 देतेस का, हे मात्र सविस्तर लिही.

तुझीच,
मंदा