दाखिनाबादेस

पैठण, सोमवार रात्र

प्रिय दिल्या,

सात महिने झाले तुला लिहून. कारण काही नाही, निव्वळ आळस. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात, आई बरी. झालं.

आता ऐक, आणि हसू नकोस. तू जिंकलास. आपल्या दख्खनच्या जुन्या ग्रीक नावातला, 'दाखिनाबादेस'मधला 'बादेस' म्हणजे वाडा नाही, बाडा नाही, 'दक्षिणापथ'मधला पथच. नाणेघाटात भर पावसात, त्या दगडी रांजणाला टेकून तू घसा फोडून हेच सांगत होतास आणि मी तुला 'गप रे, पंडित' म्हणालो होतो. देव्या साक्षीला होता, पण तो भजी खाण्यात गुंतलेला. आणि लाज कशाची, तर त्याच घाटातल्या गुहेत, सातवाहनांच्या राणी नागनिकेच्या लेखात, राजा सातकर्णीला 'दखिनापथपति' म्हटलंय. आपण तिथे चहा प्यायलो!

परवा 'पेरिप्लस'चं, त्या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या वहीचं, पन्नासावं कलम पुन्हा काढलं. लिहिणारा पहिल्या शतकातला, इजिप्तकडचा ग्रीक बोलणारा माणूस. तो म्हणतो, बारिगाझाच्या, म्हणजे तुमच्या भरूचच्या, पुढे किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, म्हणून या मुलखाला दाखिनाबादेस म्हणतात, कारण तिथल्या भाषेत दक्षिणेला 'दाखानोस' म्हणतात. शेपटाचे 'ओस' आणि 'एस' त्याच्या घरचे. ग्रीकांत पुरुषाचं नाव अल्किबियादेस असतं ना, तसा आपला अख्खा मुलूख त्याने बाप्या करून टाकला. बाकी कान चोख. दोन स्वरांत सापडलेला प मऊ पडून ब झाला, थ चा ध, आणि ध त्याच्याकडे नाही म्हणून द. पुढे प्राकृतात त्याचंच दक्खिणावह होतं. इतकं सरळ आहे रे! मी वाड्यात अडकलो, कारण मला वाडा हवा होता.

पण नुसतं वाद हरण्यापुरतं असतं तर पोस्टकार्डावर भागवलं असतं. मी ते छापलंय. वाचनालयाच्या पुस्तिकेत, पान ११, 'दाखिनाबादेस, म्हणजे दक्षिणेचा वाडा'. तीनशे प्रती. पाहुण्यांनी नेमकं तेच वाक्य व्यासपीठावरून वाचलं आणि टाळ्या पडल्या. कुणाच्याही लक्षात आलं नाही, त्यानेच झोप उडालीय. कुलकर्णी सर असते तर पहिल्या रांगेतून उठले असते.

अजून एक डोक्यात घोळतंय. दक्षिण कुणाची? पैठणात बसलेल्या माणसाची दक्षिण तिकडे सोलापूर, विजापूर. आम्ही दक्षिण ते तुमच्या भरूचच्या धक्क्यावर उभं राहिलं की! म्हणजे नाव तुमच्या बाजूने आलं, आणि इथल्या राजांनी ते बिरुद म्हणून मिरवलं. यावर तू काहीतरी वाकडं बोलणार आहेस, ते लिहून पाठव. तोच ग्रीक पुढे लिहितो की बारिगाझापासून पैठण वीस दिवस, आणि इथून अकीक बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या वाटांनी तुमच्याकडे उतरायचा. तू मात्र सहा वर्षांत एकदाही वर चढला नाहीस.

तुझ्या रिटायरमेंटचं कळलं, अभिनंदन. पिंकीचा व्हिसा झाला का? वहिनींना नमस्कार. त्यांच्या उंधियूबद्दल मी जे बोललो ते देव्याने तिखटमीठ लावून सांगितलंय.

सरांच्या जुन्या टिपणवहीत सापडलं की 'पेरिप्लस'चा सगळा मजकूर जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या एका दहाव्या शतकातल्या हस्तलिखितामुळे टिकला, आणि नकलाकाराने त्यातही चुका करून ठेवल्यात. जरा बरं वाटलं. मग शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या कापल्या. बोटाएवढ्या आहेत, डिंकाने वाकड्या होतात. आजपर्यंत एकशेदहा लावल्या. वाटलेल्या प्रती कशा परत मागायच्या, हे सुचत नाहीये.

तुझी प्रत सोबत आहे, चिठ्ठी न लावलेली. पान ११ तूच खोड. पैजेचे पाच रुपये आतच ठेवलेत.

तुझा,
बाळ्या