कर्नाटकाच्या बाजूने

बेळगाव

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दलच्या शिव्या समक्ष घाल. आईची कंबर अधूनमधून दुखते, बाकी घरी सगळे ठीक आहे. जे घडले ते इथे कोणालाही सांगितले तरी त्यात विशेष काय, असेच तो विचारील, म्हणून तुला लिहीत आहे.

आमच्या सरांनी या सत्रात मूट कोर्टासाठी, म्हणजे कायद्याच्या वर्गातल्या सरावाच्या खटल्यासाठी, महाराष्ट्राने सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात लावलेला २००४ चा दावाच घेतला आणि बाजू मुद्दाम उलट्या वाटल्या. गोकाकच्या कन्नड मुलीला महाराष्ट्र आणि नंदगडच्या मला कर्नाटक! ज्याला बाबांनी खांद्यावर बसवून सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून निघणाऱ्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत फिरवले, त्याने उभे राहून म्हणायचे की हा दावा चालवण्याचा सर्वोच्च न्यायालयाला अधिकारच नाही.

आणि सुहास, मी ते चांगले म्हटले. राज्याराज्यांमधले तंटे अनुच्छेद १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जातात, पण तो अनुच्छेदच 'या संविधानाच्या तरतुदींच्या अधीन' अशा अटीने सुरू होतो. आणि राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ ने संसदेला दिला आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही आपली लहानपणापासूनची चतुःसूत्री त्या मुलीने आपल्यापेक्षा नीट क्रमाने मांडली. टाळी वाजवावीशी वाटत असताना मला हरकत घ्यावी लागली. तिने आंध्र आणि मद्रास यांच्यातली सीमा ठरवणाऱ्या पाटसकर सूत्राचा दाखला दिला, तेव्हा मी म्हणालो की ती सीमासुद्धा शेवटी संसदेच्या १९५९ च्या कायद्यानेच बदलली, न्यायालयाने नव्हे. मग तिने शांतपणे विचारले, "आपले राज्य सीमाप्रश्नावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल अंतिम मानते. त्या अहवालात खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला दिले आहे. विद्वान मित्रांना ते मान्य आहे काय?" वर्ग हसला. माझ्या आतला नंदगडचा पोरगा 'मान्य, मान्य' म्हणून ओरडत होता आणि तोंडाने मी सांगत होतो की आयोग केवळ शिफारस करतो, अंमल संसदेनेच करायचा. सरांना ते उत्तर इतके आवडले की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी त्यांनी मला निवडले, आणि तेही त्याच बाजूने.

बाबांना यातले काही ठाऊक नाही. वकिलाने समोर आलेले काम सहसा नाकारू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे, असे सांगून पाहता येईल. पण ते फी किती मिळाली एवढेच विचारतील. तू म्हणायचास की समोर भजी ठेवली तर मी कोणाच्याही बाजूने बोलेन. या वेळी भजीही नव्हती. नुसते बोलून मोकळा झालो असतो तर चिंता नव्हती. आपली बाजू न्यायाची आहे, असे मला आजही वाटते. पण तो न्याय न्यायालयातून मिळेल की आपण इतकी वर्षे चुकीच्या दारात बसलो आहोत, ही शंका युक्तिवाद रचता रचता माझ्या मनात शिरली आणि ती काही जात नाही. आधी दिल्लीवर आणि मग कोर्टावर भिस्त ठेवून ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्यासमोर ती कोणत्या तोंडाने बोलून दाखवू? आणि ती लपवून मी त्यांच्या शेजारी फेरीत कसा चालू?

सीमाभागाच्या सवलतीवर तू कोल्हापूरला इंजिनिअरिंगला गेलास, तेव्हा मी तुला पळपुटा म्हटले होते आणि तू महिनाभर अबोला धरला होतास. आता तुझी पाळी. फितूर सोडून काहीही म्हण.

तुझा राहिलेला गणिताचा पेपर सुटला का? मेस बदललीस म्हणे, बरे केलेस. काकूंना नमस्कार सांग.

स्पर्धा डिसेंबरात आहे, म्हणजे काळ्या दिनाच्या नंतर. मला बाबांना फेरीच्या आधीच सांगायचे आहे, तेव्हा ऑक्टोबर संपायच्या आत गावी ये आणि मी सांगत असताना शेजारी बस. तुझ्यासमोर ते माझ्यावर हात उचलत नाहीत.

तुझा,
विनायक