कानाकडे बोट दाखवायला शिकले

ती. आई आणि ती. बाबा,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचं म्हटलं तर तुम्ही दोघं "बरं, काळजी घे" म्हणत फोन एकमेकांच्या हातात देत राहाल आणि माझं सांगायचं राहूनच जाईल. म्हणून पत्र.

आधी कबुली देते. कंबोडियातली देवळं पाहून झाली की थायलंडमधल्या को ताओ बेटावर आठवडाभर नुसती पडून राहणार, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तशी राहिले नाही. मी तिथे स्कूबा डायव्हिंग शिकले. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून समुद्रात 18 मीटर खाली जाऊन आले. हे आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. निघायच्या महिनाभर आधी पैसे भरले होते. तुम्हाला सांगितलं असतं तर रात्रभर जागला असतात, म्हणून लपवलं. ते चुकलं. का चुकलं हे मला पाण्याखालीच कळलं, ते पुढे लिहिते. पण आधी देवळांचं सांगू दे, कारण तिथे पावलोपावली तुम्ही दोघं आठवत होता.

बाबा, अंगकोर वाटला पहिल्या दिवशी मी बाकी काही न बघता थेट पूर्वेकडच्या ओवरीत गेले. तिथल्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय. 49 मीटर लांब! एका बाजूला वासुकी धरून 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मध्ये मंदार पर्वत, खाली कूर्म आणि पुढे विष्णू. देवांच्या बाजूला शेपटीशी एक भलंमोठं वानर आहे, ते तुमच्या गोष्टीत नव्हतं. लहानपणी तुम्ही ही गोष्ट सांगायचात तेव्हा मी दर वेळी विचारायचे, "मग समुद्रातल्या माशांचं काय झालं?" आणि तुम्ही म्हणायचात, "मासे बाजूला झाले." बाबा, मासे बाजूला झालेले नाहीत. त्या पटाच्या तळाशी नुसते मासे आणि मगरी आहेत, आणि रवीच्या जवळ जावं तसतसे त्यांचे दोन-दोन तुकडे झालेले दिसतात. बाराव्या शतकात, सूर्यवर्मन दुसरा याच्या काळात, छिन्नी घेऊन बसलेल्या कुणाला तरी माझाच प्रश्न पडला होता. मी तिथे अर्धा तास उभी होते. तुम्ही शेजारी असायला हवे होतात, असं फार वाटलं.

तीन दिवसांचा पास 62 डॉलरचा. मोठी सॅक खोलीवर ठेवायची, पाठीला फक्त पाणी आणि टोपी, आणि पहाटे पाचला सायकल काढायची. जवळच्या देवळांची फेरी 17 किलोमीटरची आहे, दूरची 26. अकरानंतर दगड इतके तापतात की हात ठेववत नाही, म्हणून दुपार झोपेत आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर. बायोन देवळाच्या भिंतीवर झाडांच्या खोडांमधून मासे पोहताना कोरलेत. मला वाटलं, कारागिराची चूक असेल. मग वाटाड्याने समजावलं, की पावसाळ्यात मेकाँगला पूर येतो, पाणी उलटं फिरून तोनले साप सरोवरात शिरतं, आणि काठचं जंगल पाण्याखाली जाऊन मासे खरंच झाडांतून फिरतात. कारागिराने डोळ्यांनी पाहिलं तेच कोरलं होतं.

आता जे मुख्य. आई, ता प्रोम हे देऊळ जयवर्मन सातवा या राजाने 1186 मध्ये आपल्या आईसाठी बांधलं. गाभाऱ्यात प्रज्ञापारमितेची, म्हणजे बौद्धांच्या प्रज्ञेच्या देवीची, मूर्ती बसवली, पण चेहरेपट्टी त्याच्या आईची, असं सांगतात. तिथल्या संस्कृत शिलालेखात 12,640 माणसं देवळाच्या आवारात राहायची आणि त्यांत 615 नर्तकी होत्या, अशी नोंद आहे. आज तिथे झाडं राहतात. भिंतीवरून मुळं उतरलीत, हत्तीच्या सोंडेएवढी जाड, आणि एका ठिकाणी मुळांच्या फटीतून दगडातल्या देवतेचा नुसता चेहरा बाहेर बघतो. झाड तोडलं तर त्याने धरून ठेवलेली भिंत कोसळते आणि ठेवलं तर ते भिंत फाडत जातं. आपल्या पुरातत्त्व विभागाची माणसं कंबोडियाच्या माणसांबरोबर अनेक वर्षं याच पेचातून वाट काढत तिथे डागडुजी करत आली आहेत. मला त्यांचा अभिमान वाटला.

त्याच देवळात एक लहानशी, अंधारी खोली आहे, वरपर्यंत निमुळती. तिथे टाळी वाजवली तर काही होत नाही. बोललं तरी नाही. भिंतीला पाठ टेकून छातीवर मूठ मारली की मात्र सगळी खोली घुमते. माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी डोळे मिटून तीनदा छातीवर मूठ मारली आणि काही न बोलता बाहेर गेले. मग मी उभी राहिले. आई, आवाज कानाला नाही, पाठीला ऐकू येतो. मी तुझं नाव घेतलं नाही, पण तुझ्याचसाठी मारली.

आणि बाबा, पाचच वर्षांनी, 1191 मध्ये, त्याच राजाने वडिलांसाठी प्रेह खान बांधलं. तिथे लोकेश्वराची, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या बोधिसत्त्वाची, मूर्ती वडिलांच्या रूपात होती. त्या लांबच लांब मार्गिकांतून मी सकाळी सातला एकटी चालत होते. दारामागे दार, दारामागे दार, आणि अगदी शेवटी एक छोटा उजेड. दोन्ही देवळं जवळजवळ सपाटीवर आहेत. अंगकोर वाटचा वरचा जिना उभा आहे, तो आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही, पण ही दोन जमतील. तुम्हाला घेऊन मी पुन्हा येणार आहे. हिवाळ्यात येऊ, ऊन कमी असतं.

तिथून बँकॉक, मग रात्रीची गाडी, चुंफोनच्या धक्क्यावरून सकाळची बोट, आणि को ताओ. ताओ म्हणजे कासव. बेट जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं, पण रोज डोंगराएवढी सिलिंडरं बोटींवर चढत-उतरत असतात.

आई, तुझा पहिला प्रश्न मला माहीत आहे, म्हणून उत्तर आधीच देते. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, आपण श्वास घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. सुरुवातीला हवेच्या दाबाचा काटा 200 बारवर असतो, आणि तो 50 वर यायच्या आत आपण वर असायला हवं. शिकवायला घेण्याआधी आजारांचा मोठा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदय, कान, शस्त्रक्रिया, सगळं विचारतात. मग 200 मीटर पोहून दाखवायचं आणि 10 मिनिटं पाण्यावर तरंगत राहायचं. पुढे दोन दिवस उथळ पाण्यात सराव आणि मगच समुद्र.

पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेऊन तशीच कोंडून वर आलात तर तीच हवा फुगून दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून घेत राहायचं, सोडत राहायचं. आयुष्यभर भीती वाटली की श्वास धरून ठेवायची माझी सवय, आणि इथे तीच सवय सर्वांत धोक्याची.

मी घाबरलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी पाण्याखाली गुडघ्यांवर बसून मास्क पूर्ण काढायचा आणि पुन्हा घालायचा होता. मास्क काढला, डोळ्यांना पाणी लागलं, आणि सवयीने नाकानेच श्वास घेतला. नाकात खारं पाणी. दोन मीटरच होतं, मी पाय झाडत सरळ वर आले. खूप खोकले. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, तिथल्याच. त्या रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तोंडाने घ्या, नाकाने सोडा, बाकी काही करू नका." मग पुन्हा खाली नेलं. माझ्या जॅकेटचा पट्टा त्यांनी मुठीत धरला होता आणि ती मूठ त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. चौथ्या वेळी जमलं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढच्या दिवसाचं. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातांनी. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. हाताचा पंजा आडवा धरून डोलवला की 'काहीतरी बिघडलंय', आणि मग जिथे बिघडलं तिकडे बोट. बाबा, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक गोष्टीला वर केलेला अंगठा पाठवता ना, त्याचा अर्थ पाण्याखाली 'वर चला' असा होतो.

नांग युआन बेटाजवळ पहिल्यांदा खऱ्या समुद्रात उतरलो. दोरी धरून हळूहळू खाली. दर हातभर उतरलं की नाक दाबून हलकेच हवा फुंकायची, म्हणजे कानातला दाब सारखा होतो. चारेक मीटरवर माझा डावा कान दुखायला लागला. दुखणं कसलं, कुणी आतून सुई रेटतंय असं. बाईंनी बोटांचा गोल करून विचारलं, ठीक? आणि मी गोल करून उत्तर दिलं, ठीक. आणखी हातभर खाली. पुन्हा विचारलं. पुन्हा मी ठीक म्हटलं. बाकीचे तिघं छान उतरत होते, माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको, इतकंच डोक्यात होतं. बाईंनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं असावं. त्यांनी सगळ्यांना थांबवलं, मला मीटरभर वर नेलं, आणि आपल्याच कानाकडे बोट दाखवून माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हा कुठे मी पंजा डोलवला आणि कानाकडे बोट दाखवलं. एक मीटर वर आल्यावर कान मोकळा झाला. मिनिटभराचं काम होतं. तसंच रेटत गेले असते तर पडदा फाटला असता.

बोटीवर आल्यावर त्या म्हणाल्या, ठीक नसताना ठीक म्हणणाऱ्यांचीच मला जास्त भीती वाटते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आई, गेल्या वर्षी तू पडलीस, मनगटाला प्लॅस्टर घातलं, आणि मला कळलं ते प्लॅस्टर निघाल्यावर. बाबा, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे मला एका फोटोतल्या काळ्या चष्म्यावरून कळलं. दर रविवारी मी विचारते, कसे आहात, आणि तुम्ही म्हणता, आम्ही मजेत, तू सांग. मीही मजेत म्हणते. नोकरी सुटली होती ते दोन महिने मी मजेतच म्हणत होते. आपण तिघंही एकमेकांना सांभाळण्यासाठी बोटांचा गोल करून दाखवत राहतो. मी ते आपल्या घरातच शिकले आणि चार मीटर खालीसुद्धा तेच केलं.

शेवटच्या दिवशी 'व्हाइट रॉक' नावाच्या खडकापाशी 18 मीटर. तिथे लाल रंग नसतो, पाणी तो वरच शोषून घेतं. माझी केसांची लाल दोरी काळपट दिसत होती. स्वतःच्या श्वासाचा आवाज, आत खर्र, बाहेर बुडबुडे. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा कटकट आवाजही येतो. आणि परतताना, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तेव्हा, एक कासव आलं. घाई नाही, भीती नाही. माझ्या समोरून वर गेलं, नाक पाण्याबाहेर काढून श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेलं. बाबा, मला एकदम तुमचा कूर्म आठवला, पर्वत पाठीवर घेतलेला.

आता माझी एक मागणी आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी आधी तुम्हा दोघांना गोल करून विचारणार. खरंच ठीक असाल तरच गोल करा. नसाल तर पंजा डोलवा आणि गुडघा, डोळा, छाती, मन, जिथे असेल तिथे बोट दाखवा. मी लगेच विमान पकडून येईन अशी भीती बाळगू नका. आधी मीटरभर वर येऊन बघू. मीही तुम्हाला असंच खरं सांगेन.

सुरुवात माझ्यापासून. शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नसतं, मी दोन दिवस थांबतेय. डाव्या कानाला अजून दडे बसल्यासारखं वाटतं. दुखत नाही, पण स्वतःचाच आवाज आत घुमतो. उद्या सकाळी इथल्या डॉक्टरांना दाखवते, आणि त्यांनी हो म्हटलं तरच शुक्रवारच्या विमानाने निघेन.

तुमची,
लेक