युद्धावरच्या नाटकानंतर गावाला बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि बेळगाव-खानापूरकडच्या कित्येक घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो आहे. 26 जुलैचा कारगिल विजय दिन, 16 डिसेंबरचा 1971 चा विजय दिन जवळ आला की शाळांतून, मंडळांतून युद्धावरच्या नाटिका बसतात. पडदा पडला की सत्कार, आभार आणि सगळे घरी. 1971 ला लढलेले, 1987 ते 90 दरम्यान शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेले त्याच गर्दीत बसलेले असतात. त्यांच्या बायकाही असतात. त्यांना कुणी बोलते करत नाही, याची आम्हाला खंत वाटते.

अमेरिकेत गेली काही वर्षे सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसमोर प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसची नाटके नुसती वाचतात आणि मग प्रेक्षकांना बोलू देतात. सोफोक्लीस स्वतः अथेन्सचा सेनापती होता. आपल्याकडे तर महाभारतातले स्त्रीपर्व आहे. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र भीमाला मिठी मारायला बोलावतो, कृष्ण लोखंडी पुतळा पुढे सरकवतो, आणि म्हातारा तो चुरून टाकतो. छाती फुटून स्वतःच रक्त ओकतो. पुढे तर्पणाच्या वेळी कुंती सांगते, कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. जिंकलेल्या युधिष्ठिराला तो विजय नकोसा होतो. असे वाचन आपल्याकडेही व्हावे, त्याला हे दोन प्रसंग पुरेसे आहेत.

चार वाचक, एक टेबल, वाचन अर्ध्या तासाचे. नेपथ्य नको, आणि गोळीबाराचे आवाज, फटाके तर अजिबात नकोत. अचानक झालेल्या आवाजाने जुना सैनिक दचकतो आणि मग तोंड उघडत नाही. सभागृहातले दिवे चालूच ठेवावेत. माजी सैनिकांना कडेच्या, दाराजवळच्या खुर्च्या द्याव्यात, म्हणजे उठून जावेसे वाटले तर कुणाला ओलांडावे लागत नाही. उठलेल्या माणसामागे एकाने शांतपणे जावे.

वाचनानंतर लगेच चौघांनी पाच-पाच मिनिटे बोलावे: एक माजी सैनिक, एक वीरपत्नी किंवा आई, एक डॉक्टर, एक शिक्षक. नंतर निदान पाऊण तास प्रेक्षकांचा. कार्यक्रम बिघडतो तो इथेच. पहिला माईक पुढाऱ्याच्या हाती गेला की भाषण सुरू होते आणि बाकीचे गप्प बसतात. म्हणून माईक आधी मागच्या रांगेतल्या बायकांकडे न्यावा. सत्कार करायचेच तर दुसऱ्या दिवशी करा. ‘किती मारले?’ हा प्रश्न कुणी विचारला तर सूत्रधाराने तिथेच थांबवावे. ‘युधिष्ठिराला राज्य का नको झाले?’ असे विचारले की माणूस स्वतःचे आपसूक सांगतो. ज्याला कन्नडमध्ये बोलायचे त्याने कन्नडमध्ये बोलावे. दुःखाच्या जागी सीमावाद आणू नये. सेवेत असलेल्या जवानाला तुकडी, ठिकाण विचारू नये. मोबाइलवर चित्रीकरण नको.

अशा चर्चेत झोप न लागणे, दारू, घरातली मारहाण हे विषय निघतातच. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. जास्त त्रास असेल तर धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, तिथे सोबत कोण जाणार हे कार्यक्रमाआधीच ठरवून ठेवावे.

कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांच्या आयोजकांना आमची विनंती आहे: कथाकथन आणि कविसंमेलनाच्या मध्ये यंदा यासाठी पावणेदोन तास द्यावेत.

आपले,
नाट्यवाचन करणारे काही कार्यकर्ते, बेळगाव